फिल्टर आमचा, अंधार सर्वांचा

गेल्या स्नेहसंमेलनाच्या वेळी विज्ञान विभागाने जे प्रदर्शन भरवले होते, त्यात एका कोपऱ्यात आम्ही दोघांनी काढलेले एक छायाचित्र टांगले होते. कृष्णधवल, शाळेतल्या पाटीएवढे. मधोमध पोकळी आणि तिच्याभोवती धुराचे कडे, असे काहीसे त्यात दिसत होते. खाली मराठीत 'तेजोमेघ' आणि कन्नडमध्ये 'नीहारिके' असे लिहिले होते. 'आम्ही दोघे' म्हणजे मी, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी, आणि कन्नड विभागातला माझा बी.एस्सी.चा मित्र. दुर्बीण, कॅमेरा आणि दुर्बिणीला ताऱ्यांबरोबर फिरवत नेणारी बैठक त्याच्या थोरल्या भावाची. नोकरीसाठी बेंगळुरूला जाताना त्याने ती घरी ठेवली. माझा वाटा एका फिल्टरचा. सुट्टीत एका अडत दुकानाच्या कीर्द-खतावण्या कॉम्प्युटरवर चढवून जे पैसे मिळाले, त्यांत मी तो जुना, कोणीतरी वापरलेला विकत घेतला.

त्या चित्रापुढे दोन दिवस उभे राहून मी लोकांचे अभिप्राय ऐकले. बहुतेकांनी "छान आहे" म्हणून पुढचा स्टॉल गाठला. पण तीन अभिप्राय माझ्या मनात रुतून बसले. एक प्राध्यापक म्हणाले, "हे सगळे कॉम्प्युटरवर करतात. प्रत्यक्षात असे काही दिसत नाही." माझ्याच वर्गातला एक मित्र म्हणाला, "अरे, बॅलन्सशीट जुळत नाही आपली आणि तू आकाशाचे फोटो काढतोस! याचा उपयोग काय?" आणि तिसरे एक पाहुणे, अतिशय सज्जन गृहस्थ, कौतुकाने म्हणाले, "शहरातल्या गच्चीवरून एवढे मिळते, म्हणजे आता अंधाराबिंधाराची गरजच राहिली नाही म्हणा की!"

पहिल्या दोघांशी मी वाद घातला. तिसऱ्यांना मात्र मी अभिमानाने "हो" म्हणालो. आज वाटते, नेमके तिथेच माझे चुकले. ते 'हो' मागे घ्यावे, यासाठी हा लेखनप्रपंच.

प्रथम, हे छायाचित्र निघते कसे ते सांगितले पाहिजे. ताऱ्यांच्या मधल्या जागेत वायूचे अतिशय विरळ ढग आहेत. जवळपास एखादा अतितप्त तारा असला, की त्याच्या अतिनील किरणांनी हा वायू उजळतो. परंतु घरातला दिवा जसा सगळ्या रंगांत उजळतो, तसा तो उजळत नाही. प्रत्येक मूलद्रव्याच्या ठरलेल्या रेषा असतात. हायड्रोजन मुख्यतः ६५६.३ नॅनोमीटरच्या तांबड्या रेषेत उजळतो. दोन इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन ५००.७ नॅनोमीटरच्या हिरवट निळ्या रेषेत. गंधक ६७२ च्या आसपासच्या दोन जवळजवळच्या रेषांत. डोळ्यांना दिसणारा सगळा प्रकाश साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटरच्या पट्ट्यात मावतो. म्हणजे तेजोमेघाचे जे काही म्हणणे असते, ते या तीनशेच्या पट्ट्यातल्या चारदोन बारीक फटींतून येते. शहराच्या आकाशाचा उजेड मात्र सगळा पट्टा व्यापून असतो.

आमचा फिल्टर म्हणजे अशी एक फट आहे. हायड्रोजनच्या रेषेभोवतीचा सात नॅनोमीटरचा प्रकाश तो आत घेतो आणि बाकीचा परतवून लावतो. तीनशेपैकी सात, म्हणजे शहराच्या उजेडाचा सुमारे चाळिसावा हिस्साच कॅमेऱ्यापर्यंत पोहोचतो. तेजोमेघाचा तांबडा प्रकाश मात्र जवळजवळ पूर्ण येतो. बाजाराच्या गर्दीत हजार माणसे ओरडत असतात, पण आपल्या माणसाने मारलेली हाक बरोबर ऐकू येते. त्यातलाच हा प्रकार. तीन नॅनोमीटरचे फिल्टरही मिळतात, ते शंभरावा हिस्साच आत सोडतात; पण त्यांच्या किमती ऐकून आम्ही तो विषय सोडून दिला.

तरीही जे येते ते फार थोडे. म्हणून पाच-पाच मिनिटांची छायाचित्रे एकामागून एक घ्यायची. आमचे चित्र मृगाच्या पूर्वेला एकशृंगी नावाचा जो फिकट तारकासमूह आहे, त्यातल्या सुमारे पाच हजार प्रकाशवर्षांवरच्या गुलाबाच्या आकाराच्या तेजोमेघाचे. त्यासाठी जानेवारीतल्या तीन रात्री, साठ छायाचित्रे, एकूण पाच तास लागले. एकेक चित्र पाहिले तर त्यात गाळ जास्त आणि अर्थ कमी. साठही एकावर एक ठेवून सरासरी काढली, की गाळ खाली बसतो. झाकण लावून काढलेली चित्रे वजा करायची, म्हणजे कॅमेऱ्याचे स्वतःचे दोष जातात. सारख्या उजळलेल्या पांढऱ्या कापडाच्या चित्राने भागायचे, म्हणजे काचेवरच्या धुळीचे डाग जातात. माझ्या मित्राला हे गणित वाटते. मला ती सरळसरळ कीर्द-खतावणी वाटते. कच्च्या नोंदी, मग समायोजनाच्या नोंदी, मग तेरीज, आणि शेवटी जे उरते ते खरे.

यात एक कठोर नियम आहे. वेळ चौपट दिला तर चित्राची प्रत दुप्पट होते. नऊपट दिला तर तिप्पट. अर्थशास्त्राच्या तासाला घटत्या फलाचा सिद्धान्त शिकताना मला वाटे, हे पुस्तकात ठीक आहे. डिसेंबरच्या थंडीत गच्चीवर घोंगडी पांघरून बसल्यावर तो सिद्धान्त हाडांपर्यंत कळला.

आता पहिला आक्षेप. 'हे सगळे कॉम्प्युटरवर करतात.' होय, करतात. पण कॉम्प्युटरवर काय करतात हा प्रश्न आहे. अमेरिकेच्या हबल दुर्बिणीने १९९५ साली गरुड तेजोमेघातल्या वायूच्या खांबांचे जे जगप्रसिद्ध चित्र घेतले, त्यात गंधकाला तांबडा, हायड्रोजनला हिरवा आणि ऑक्सिजनला निळा रंग दिलेला आहे. हायड्रोजनचा प्रकाश मुळात हिरवा नाही, तांबडा आहे. मग हे खोटे का? माझ्या मते नाही. गंधक आणि हायड्रोजन दोन्ही तांबडे. तसेच ठेवले तर कोणता वायू कुठे आहे हे कळणारच नाही. म्हणून सगळ्यांत लांब तरंगाला तांबडा, मधल्याला हिरवा, आखूडला निळा, असा क्रम राखून रंग वाटून दिले. नकाशात धारवाड जिल्हा पिवळा आणि बेळगाव जिल्हा गुलाबी छापतात, म्हणून कोणी जमीन पिवळी-गुलाबी असते असे म्हणत नाही. जुन्या वह्यांत तोटा लाल शाईने लिहीत, म्हणून तोटा काही लाल रंगाचा होत नाही.

खोटेपणा वेगळ्या ठिकाणी सुरू होतो. जी वायूची शेपटी कॅमेऱ्यात आलीच नाही ती रंगवायची, जो तारा नडतो तो कायमचा पुसायचा आणि वर हे आकाशातले वास्तव म्हणून मिरवायचे, हा खोटेपणा. आता तर एका कळीसरशी नसलेले तपशील भरून देणारी साधनेही निघाली आहेत. म्हणून माझे म्हणणे असे, की प्रत्येक चित्राखाली हिशेबाच्या टिपा असाव्यात: कोणता फिल्टर, किती तास, कोणत्या जागेवरून, कोणत्या वायूला कोणता रंग. कंपनीच्या ताळेबंदाला आपण टिपा मागतो, मग आकाशाच्या ताळेबंदाला का नको? आमच्या चित्राखाली त्या नव्हत्या. प्राध्यापकमहाशयांचा संशय पूर्ण चूक होता असे म्हणून म्हणवत नाही.

आणि 'प्रत्यक्षात दिसत नाही' याबद्दल सांगायचे, तर डोळा हे फार हंगामी नोकर ठेवल्यासारखे यंत्र आहे. अंधुक उजेडात त्याच्या रंग ओळखणाऱ्या पेशी कामावरच येत नाहीत. तेव्हा डोळ्याला दिसले नाही एवढ्यावरून वस्तू नाही असे ठरत नाही. १८६४ साली विल्यम हगिन्स या इंग्रज निरीक्षकाने एका तेजोमेघाचा प्रकाश लोलकातून पाहिला, तेव्हा त्याला इंद्रधनुष्याऐवजी हिरवट रेषा दिसल्या. पृथ्वीवरच्या कोणत्याच पदार्थाशी त्यांतली मुख्य रेषा जुळेना, म्हणून 'नेब्युलियम' नावाचे नवे मूलद्रव्यच लोकांनी कल्पिले. तो ऑक्सिजनच आहे, फक्त अतिविरळ अवस्थेत असल्यामुळे असा उजळतो, हे आयरा बोवेनने १९२७ साली दाखवले. त्रेसष्ट वर्षे एक रेषा 'अनामत खात्यात' पडून होती!

या रेषांचा आपल्या मुलखाशीही एक संबंध आहे आणि तो फार थोड्यांना ठाऊक असतो. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात लेफ्टनंट जॉन हर्षेल हा अधिकारी पटवर्धनांच्या जमखंडीला वर्णपटदर्शक घेऊन बसला होता. ढग येत-जात होते. मधल्या उघडिपीत सूर्याच्या कडेवरच्या ज्वालेत त्याला तांबडी, नारिंगी आणि निळी अशा तेजस्वी रेषा दिसल्या. त्यांतली नारिंगी पुढे हेलियमची ठरली. आणि तांबडी? ती हायड्रोजनची, तीच, जिच्यासाठी मी अडत दुकानात दोन महिने बसलो. या हर्षेलचे आजोबा विल्यम हर्षेल. बाथ गावच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवून पोट भरणारा हा गृहस्थ स्वतः आरसे घासून दुर्बिणी करी. १७८१ साली त्याला युरेनस सापडला तेव्हा तो व्यवसायाने संगीतकारच होता. वाणिज्य शाखेच्या मुलाने आकाश पाहू नये असे ज्यांना वाटते, त्यांनी या ऑर्गनवाल्याचा विचार करावा.

येथून दुसऱ्या आक्षेपाकडे वळतो: उपयोग काय? पैशाच्या अर्थाने काहीही नाही, हे मी आधीच कबूल करतो. पण ज्ञानाच्या अर्थाने आहे, आणि त्याचे उदाहरण ताजे आहे. देवयानी तारकासमूहातली सुप्रसिद्ध दीर्घिका, आपल्यापासून सुमारे पंचवीस लाख प्रकाशवर्षांवरची, हिचे चांगले छायाचित्र आयझॅक रॉबर्ट्सने १८८८ सालीच घेतले होते. तेव्हापासून तिची किती छायाचित्रे निघाली याची गणतीच नाही. तिच्या शेजारी नवे काही सापडेल असे कोणाच्या स्वप्नातही नव्हते. २०२२ मध्ये यान सँटी, झेवियर स्ट्रॉटनर आणि मार्सेल ड्रेक्सलर या हौशी निरीक्षकांनी ऑक्सिजनच्या फिल्टरमधून त्या भागाची छायाचित्रे तपासली, तेव्हा दीर्घिकेजवळ एक निळसर कमान उमटलेली दिसली. लांबी दीड अंश, म्हणजे तीन पूर्णचंद्र शेजारी शेजारी ठेवले तर जेवढी होईल तेवढी! दुर्बीण अवघी १०६ मिलिमीटर व्यासाची. आमच्यापेक्षा मोठी, पण खांद्यावर टाकून नेता येईल अशी. एकूण प्रकाशन शंभर तासांहून अधिक. आधी त्यांना वाटले, हा काचेतला दोष असेल. दुसऱ्यांच्या दुर्बिणींतूनही ती कमान दिसली, तेव्हा व्यावसायिक शास्त्रज्ञांबरोबर जानेवारी २०२३ मध्ये त्यांनी शोध प्रसिद्ध केला. त्याच वर्षी ग्रिनिचच्या वेधशाळेच्या स्पर्धेत त्या छायाचित्राला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. कमान त्या दीर्घिकेजवळची की आपल्याच आकाशगंगेतली यावर चर्चा झाली आणि नंतरच्या अभ्यासाचा कल ती आपल्याच आकाशगंगेतली, पुष्कळ जवळची आहे, असे मानण्याकडे आहे.

मोठमोठ्या वेधशाळांना हे का सापडले नाही? त्यांच्या दुर्बिणी आकाशाचा फार छोटा तुकडा एका वेळी पाहतात आणि त्यांची प्रत्येक रात्र वाटून दिलेली असते. 'काही असेल तर पाहू' म्हणून शंभर तास कोण देणार? ते हौशी माणूस देऊ शकतो. त्याच्याजवळ भांडवल कमी, पण रात्री त्याच्या मालकीच्या असतात. एवढे वाचल्यावर माझा वर्गमित्र म्हणेल, "मग तुला काय सापडले?" मला आकाशात काहीच सापडले नाही. जे सापडले ते जमिनीवर, आणि तेच या लेखाचे खरे कारण आहे.

खानापूर तालुक्यात माझे आजोळ आहे. जंगलाच्या कडेचे, पन्नास-साठ उंबऱ्यांचे गाव. लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही अंगणात निजत असू. आजी बोट करून दाखवायची: ते बाजलं, त्याच्यामागून चाललेले ते तीन चोर. हिवाळ्यात गेलो तर तिकांडं. पुस्तकात त्याला मृग म्हणतात हे मला शाळेत गेल्यावर कळले. आजीला घड्याळ फारसे लागत नसे. तिकांडं कुठे आले यावरून ती पहाट सांगायची. पावसाच्या तोंडावर ओढ्याकाठची झाडे काजव्यांनी अशी लुकलुकत, की कोणीतरी एकाच खटक्याने लावावीत आणि विझवावीत.

मी अकरावीत असताना गावातल्या एका मावशीला रात्री वाटेवर साप चावला. जीप मिळाली, दवाखाना गाठला, ती वाचली. पण गाव हादरले. देवळापुढच्या चौकात हायमास्ट दिवा हवा असे सगळ्यांनी ठरवले. अर्ज ग्रामपंचायतीत कन्नडमध्ये द्यायचा. गावात बोलण्यापुरती कन्नड सर्वांना येते, पण कचेरीला शोभेल अशी लिहिता येणारा कोण? मराठी शाळेत शिकलेला असलो तरी दुसरी भाषा म्हणून मी कन्नड मन लावून शिकलो होतो. तो अर्ज मी लिहिला. अक्षर सुवाच्य, मजकूर मुद्देसूद. शेवटी 'आपला विश्वासू' लिहून खाली सगळ्यांच्या सह्या आणि अंगठे घेतले. वर्षभराने खांब उभा राहिला. नारळ फुटला तेव्हा मामाने मला मुद्दाम पुढे उभे केले. "आमच्या भाच्याचा अर्ज!" म्हणून तो चारचौघांत सांगत होता. मला आकाश ठेंगणे झाले होते, हे अगदी शब्दशः खरे ठरायचे होते.

स्नेहसंमेलनात त्या पाहुण्यांना 'हो' म्हटले त्यानंतरच्याच अमावास्येला आम्ही दोघे सगळे सामान घेऊन आजोळी गेलो. हिशेब सरळ होता: शहरातून पाच तासांत एवढे मिळाले, तर गावातून एका रात्रीत त्याच्या कितीतरी पट मिळेल. अंगणात दुर्बीण मांडली आणि वर पाहिले. वर करड्या रंगाचे एक छत होते. मृग दिसत होता, व्याध दिसत होता, आणखी काही ठळक तारे. आकाशगंगा नव्हती. खांबावरचे सहा दिवे पांढऱ्या प्रकाशाने चौक तर उजळत होतेच, पण आमची पडवी, पलीकडचे शेत, ओढ्याकाठची झाडे आणि आकाशसुद्धा उजळत होते. आम्ही फिल्टर लावला, चित्रे घेतली. प्रत्येक चित्रावर एका बाजूने तिरपा, दुधासारखा पट्टा. दिव्याचा उजेड थेट दुर्बिणीच्या नळीत शिरत होता. फिल्टर त्याला किती अडवणार?

आजी शाल पांघरून बाहेर आली. म्हणाली, "काय करायलास रे पोरा एवढ्या थंडीत?" मी म्हटले, "आज्जी, ताऱ्यांचे फोटो काढतो आहे." तिने वर पाहिले. मग म्हणाली, "तारं हाईत कुठं आता? माझी नजर गेली म्हणून गप्प बसले होते मी. तुलाबी दिसत न्हाई काय?"

दोन वर्षे तिला वाटत होते की मोतीबिंदूमुळे आकाश पुसट झाले. दवाखान्यात डोळे दाखवून आली होती. दिव्याचा अर्ज मी लिहिला हे तिला माहीत होते. पण दिव्याचा आणि ताऱ्यांचा संबंध तिने जोडला नव्हता. मी तरी कुठे जोडला होता? मी तिला सांगितले, तेव्हा ती एवढेच म्हणाली, "दिवा वाईट न्हाई. वाट दिसते. पर तो वर कशाला पेटलाय?"

मित्रहो, या प्रश्नाचे उत्तर माझ्या कोणत्याच पुस्तकात नाही. वर कशाला पेटलाय?

आता मी माझे 'हो' का मागे घेतो ते आकड्यांत सांगतो. २०२३ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सामान्य नागरिकांनी २०११ ते २०२२ या काळात नुसत्या डोळ्यांनी केलेल्या ५० हजारांहून अधिक निरीक्षणांवरून त्यात असे अनुमान काढले, की रात्रीचे आकाश सरासरी वर्षाला ९.६ टक्क्यांनी उजळत आहे. ही निरीक्षणे बहुतांश युरोप-अमेरिकेतली आहेत, हे ध्यानात ठेवले पाहिजे. आपल्या गावाचा दर वेगळा असू शकेल. तरी उदाहरण म्हणून तोच दर घेऊ. वर्षाला ९.६ टक्के, तेही चक्रवाढीने! बाहत्तरला दराने भागा. साडेसात वर्षांत दुप्पट. आणि आकाशाचा उजेड दुप्पट झाला की तेवढ्याच प्रतीच्या चित्राला दुप्पट वेळ लागतो. आज पाच तास, साडेसात वर्षांनी दहा, पंधरा वर्षांनी वीस. माझा फिल्टर मला सुमारे चाळीसपट सूट देतो हे खरे. पण या दराने ती सगळी सूट साधारण एक्केचाळीस वर्षांत फिटून जाते. मी साठीचा होईन तेव्हा फिल्टर लावून जे आकाश मिळेल, ते आज फिल्टर न लावता मिळते तेवढेच वाईट असेल. म्हणजे फिल्टर हे उत्पन्न नाही. ती मुद्दलातून चाललेली उचल आहे.

शिवाय पूर्वीचे सोडियमचे पिवळे दिवे मुख्यतः ५८९ नॅनोमीटरच्या आसपास उजळत. त्यांना टाळणे फिल्टरला सोपे होते. आपल्याकडे रस्त्यांवर एलईडी दिवे लावण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम जानेवारी २०१५ मध्ये सुरू झाला. वीज वाचली, हे मोठेच काम झाले. पण पांढरा एलईडी जवळजवळ सगळ्या रंगांत उजळतो. ऑक्सिजनच्या रेषेवरही त्याचा उजेड येऊन बसतो आणि तिथे फिल्टरलाही तो वेगळा काढता येत नाही. उद्या देवयानीजवळच्या कमानीसारखे काही शोधायचे असेल, तर चांगला फिल्टर पुरणार नाही, अंधारी जागाही लागेल.

आणि समजा, हे सगळे आकडे चुकले. समजा, उद्या असा फिल्टर निघाला की भर चौकातून तेजोमेघ टिपता येईल. तरी माझ्या आजीचे काय? फिल्टर डोळ्याला लावून आकाशगंगा दिसत नाही. तो कॅमेऱ्यापुढे लावायचा, आणि कॅमेरा ज्याच्याजवळ आहे त्याने. अंधार जाणे हे सार्वजनिक नुकसान. फिल्टर हा खाजगी उपाय. गावची विहीर आटली म्हणून एकाने आपल्या घरात बाटलीबंद पाणी आणावे आणि 'आता विहिरीची गरज उरली नाही' म्हणावे, तसे माझे ते 'हो' होते. काजव्यांना तर कोणी फिल्टर विकतही देणार नाही. त्यांच्या जोडीदाराच्या खुणा या उजेडात बुडून जातात.

याचा अर्थ दिवे काढा असा मी म्हणत नाही. ज्या मावशीला साप चावला तिच्या तोंडावर मी असे म्हणू शकणार नाही, आणि म्हणूही नये. रात्री क्लासवरून सायकलने परतणाऱ्या मुलींना रस्त्यावर दिवा हवाच. प्रश्न दिवा असावा की नसावा हा नाही. आजीने विचारला तोच आहे. दिव्यावर टोपी असावी, म्हणजे उजेड वाटेवर पडेल, आकाशात नाही. रंग थोडा पिवळसर असावा. चौक निर्मनुष्य झाल्यावर सहापैकी चार दिवे आपोआप विझावेत. एलईडी हवा तिकडे वळवता येतो, कमी-जास्त करता येतो. म्हणजे ज्या दिव्याने हे नुकसान केले त्याच्याच अंगी ते भरून काढण्याची सोय आहे. वर गेलेला उजेड म्हणजे पंचायतीने बिल भरून फेकून दिलेली वीज, एवढे तरी वाणिज्य शाखेच्या माणसाला बोलण्याचा हक्क आहे. लडाखमध्ये हानले येथे २०२२ मध्ये अंधारे आकाश राखीव म्हणून घोषित झाले, महाराष्ट्रात पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ मध्ये तशी आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. आनंद आहे. पण अंधार फक्त राखीव जंगलात जाऊन पाहायचा असेल, तर तो वाघासारखा दुर्मीळ झाला असे म्हणावे लागेल. आजीने कधी तिकीट काढून तिकांडं पाहिले नव्हते.

मार्च महिन्यात मी दुसरा अर्ज लिहिला. या वेळी माझ्या मित्राने माझे कन्नड तपासले. पहिल्या अर्जात व्याकरणाच्या चार चुका होत्या हेही त्याने हसत सांगितले. पंचायतीच्या पीडीओंनी अर्ज ठेवून घेतला, पोच दिली. अजून उत्तर नाही. मध्यंतरी बंद पडलेला एक दिवा बदलायला वायरमन आला होता, तेव्हा आजी स्वतः खांबापाशी गेली आणि आमच्या अंगणाकडचा दिवा तिने त्याला खाली वळवायला लावला. सहापैकी एक झाला. मामा थोडा नाराज आहे. ज्या भाच्याने दिवा आणला तोच आता तक्रार करतो, हे त्याला लोकांत कसे सांगावे कळत नाही. त्याची अडचण मला समजते.

जाता जाता एक आपल्या घरचे. आपल्या महाविद्यालयाच्या मैदानावरचे चार मोठे दिवे रात्रभर जळतात. रात्री दहानंतर मैदानावर कोणी नसते. पहारेकऱ्याला फाटकाजवळचा एक दिवा पुरतो, असे त्याने स्वतः मला सांगितले. ते दिवे दहाला बंद व्हावेत आणि नोव्हेंबरमधल्या एखाद्या अमावास्येला मराठी व कन्नड विभागांनी मिळून त्याच मैदानात आकाशदर्शन ठेवावे, असा अर्ज आम्ही दोन्ही भाषांत लिहून ग्रंथालयात ठेवला आहे. दुर्बीण आम्ही आणू. चित्राखाली या वेळी हिशेबाच्या टिपाही असतील.

पहिल्या अर्जावर अख्ख्या गावाच्या सह्या होत्या, म्हणून दिवा आला. या अर्जावर आजपर्यंत आम्हा दोघांच्याच आहेत. पेन अर्जाशेजारीच ठेवले आहे.